मास्तरांची झडती

आमच्या शेजारच्या मास्तरांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण नाव झालं ते झडतीमुळे. परीक्षेच्या वर्गात ते पायांचा आवाज न करता फिरायचे आणि एखाद्याच्या कानाशी वाकून हळूच म्हणायचे, "उठा. खिसे उलटे करा." शिवी नाही, मार नाही. तेवढ्यानंच भल्याभल्यांची दातखीळ बसायची.

पोटच्या पोरालाही सोडलं नाही. तो आणि मी एकाच वर्गात. दहावीच्या पेपराला त्याच्या मोज्यात चिठ्ठी सापडली, मास्तरांनी स्वतः लेखी तक्रार दिली, पोराचं वर्ष गेलं. त्याच्या आईनं दोन दिवस चूल पेटवली नाही. मास्तर दोन्ही दिवस केळी खाऊन शाळेत गेले. पोरगा पुढे विमा एजंट झाला, बरं कमावतो, पण आजतागायत मोजे घालत नाही. ती चिठ्ठी मी लिहून दिली होती, हे मात्र गुलदस्त्यातच राहिलं. माझं अक्षर मोहरीएवढं, वर्गात त्याला मोठी मागणी असायची.

बायको वारली आणि मास्तरांची स्मरणशक्ती तिच्या मागोमाग निघाली. आधी चष्मा हरवला, मग वार, मग माणसं. दोनदा ते घरच्या कपड्यांत शाळेत जाऊन बसले. तिथे आता फर्निचरचं दुकान आहे. दुकानदारानं त्यांना बसायला खुर्ची दिली आणि मुलगा न्यायला आला तेव्हा त्याला तीच विकायचा प्रयत्न केला.

मग सूनबाईंनी पदर खोचला. लग्नाची स्थळं बघावीत तसे तीन वृद्धाश्रम पाहिले आणि तिसरा पसंत केला. तिथे दोन मजले. खाली चालती-बोलती माणसं, वर विसरभोळी. वरच्या दाराला कुलूप, दिवसरात्र आया आणि पैसे दुपटीहून जास्त. कोण खाली, कोण वर, हे तिथल्या डॉक्टरीणबाई प्रश्न विचारून ठरवायच्या. पास झाला तर खाली, नापास झाला तर वर. खालचा खर्च मास्तरांच्या पेन्शनीत भागत होता. वरचा द्यायचा तर मुलाला नव्या गाडीवर पाणी सोडावं लागणार होतं.

त्यामुळे मुलानं जन्मात पहिल्यांदा मन लावून अभ्यास केला, तोही बापाचा. डॉक्टरीणबाई सगळ्यांना तेच प्रश्न विचारतात, असं त्याला विम्याच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. म्हणजे पेपर फुटला. आठवडाभर शिकवणी चालली. शंभरातून सात-सात वजा करत जाणं मास्तरांना इतकं सोपं, की उत्तरं तपासायला मुलालाच मोबाईल काढावा लागे. पण वार, साल आणि लक्षात ठेवायचे तीन शब्द, छत्री, घोडा, साबण, काही केल्या डोक्यात राहीनात. बायको कुठे आहे विचारलं की सांगायचे, भाजी आणायला गेलीय. त्यावर सूनबाई म्हणाल्या, सहा वर्षं झाली, आत्तापर्यंत भाजी सडली असेल.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगा माझ्याकडे आला, म्हणाला, "तुझं अक्षर अजून तेवढंच बारीक आहे का गं?"

नाही म्हणायला हवं होतं. पण जुनी कला कुणी विचारली की बाईमाणूस विरघळतं. वार लिहिला, साल लिहिलं, तिन्ही शब्द लिहिले. खाली थोडी जागा उरली, तिथे माझ्या पदरचं घातलं: पत्नी हयात नाही. चिठ्ठी मास्तरांच्या घड्याळाच्या पट्ट्याखाली बसली.

मीही सोबत गेले. असली मजा एकट्या नातेवाइकांना भोगू देणं बरं नव्हे. मास्तर खुर्चीत ताठ बसले. सात-सातची वजाबाकी अशी घडाघडा केली, की डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता मागे पडल्या. मग त्यांनी वार विचारला. मास्तर थबकले. मुलगा खोकला आणि स्वतःच्या मनगटावर बोट आपटू लागला.

मास्तरांनी मनगटाकडे पाहिलं. चिठ्ठी ओढून काढली, उलगडली, वाचली. शेवटच्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळले. मग उठले आणि ती टेबलावर ठेवली.

"बाई, या विद्यार्थ्याकडे चिठ्ठी सापडली आहे. नोंद घ्या."

कोणत्या विद्यार्थ्याकडे, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. मास्तरांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"हा. पेपर काढून घ्या याचा. वर्ष जाईल, त्याला इलाज नाही." मग चिठ्ठीकडे पुन्हा पाहत म्हणाले, "हे अक्षर मी पूर्वी कुठेतरी पाहिलंय."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरातलं चित्र फार बारकाईनं बघू लागले.

निकाल वरच्या मजल्याचा लागला. मास्तरांना घेऊन आम्ही घरी परतलो. घराच्या पायरीवर सूनबाईंनी तोंड उघडलं. "वर असं वेगळं काय देतात हो? कुलूपच ना?"

दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि मागच्या खोलीला बाहेरून कडी ठोकून गेला. कुलूप मुलानं आणलं, चांगल्यातलं. पुढच्या महिन्यात गाडीही आली. ती लांबून बटण दाबलं की बंद होते. मास्तरांची खोली अजून हातानंच लावावी लागते.

त्या खोलीची खिडकी माझ्या स्वयंपाकघरासमोर येते. मास्तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत असतात, पायांचा आवाज न करता. परवा दुपारी मी शेंगा मोडत होते, तेव्हा मुलगा ताट घेऊन आत आला. मास्तर त्याच्या कानाशी वाकले.

"थांबा. खिसे उलटे करा."

बावन्न वर्षांच्या विमा एजंटानं ताट खाली ठेवलं आणि मुकाट्यानं खिसे उलटे केले. रुमाल, कंगवा, गाडीची चावी आणि कुलपाची किल्ली. मास्तरांनी नेमकी किल्ली उचलली. या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली, खिडकीच्या उजेडात धरली. मुलाचा चेहरा दहावीच्या पेपराला झाला होता तसाच झाला.

मास्तरांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"यावर काही लिहिलेलं नाही. हिला हरकत नाही. जा."

मुलगा बाहेर आला आणि त्यानं कुलूप लावलं.