हात लागूक ना

डिचोलीकडच्या लाटंबार्सेला एका घरी जुनी टेबल सॉ विकायची आहे, असं आमच्या शाळेतल्या शिपायानं मला सांगितलं. त्याच्या बायकोचं माहेर त्याच वाड्यावर. मी शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपीत, लाकूडकाम करतो. पाट, स्टुलं, पुस्तकांची मांडणी. गेल्या चवथीला गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या माटोळीची चौकटही मीच केली. पण लांब फळी हातकरवतीनं चिरायची म्हणजे अर्धा दिवस जातो, आणि एवढं करून रेष वाकडीच. टेबलाच्या मधून वर आलेलं पातं, आणि आपण फळी फक्त पुढे सरकवायची, असं यंत्र मिळालं तर काय काय करता येईल, हे बरेच दिवस मनात होतं. घरात बोलायचा धीर मात्र होत नव्हता.

माझ्या वडिलांच्या डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. वास्कोला ते एका लाकडाच्या गिरणीत होते, तिथल्या करवतीत ती गेली. मी तेव्हा मराठी शाळेत होतो. जखम भरल्यावर ते परत त्याच गिरणीत कामाला गेले, आणि मी बीएस्सी होऊन नोकरीला लागेपर्यंत तिथंच राहिले. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. ती कोणाच्या जिवावर घेतली हे मला कोणी सांगावं लागत नाही. आता त्याच घरात, माझ्या हौसेसाठी, तसलंच यंत्र आणायचं? माझं मलाच ते बरं वाटत नव्हतं.

शेवटी विषय काढला तेव्हा वडील पेज जेवत होते. नीट बघून घे, एवढंच ते म्हणाले.  संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर आईनं आपली अट सांगितली. यंत्र जुनं असो, गंजलेलं असो. पण ज्यानं कोणाचं रक्त काढलंय ते आपल्या दारात येता कामा नये.

मी लाटंबार्सेला फोन लावला. एक बाई बोलल्या. मशीन कशी आहे, काही झालंय का तिला, कधी काही घडलंय का, असं मी आडून आडून विचारलं. सरळ विचारायला जीभ रेटेना. बाई ठामपणे म्हणाल्या, "हिका कोणाचो हात लागूक ना, मास्तर."

मला केवढं हायसं वाटलं! मी आईला तेच शब्द जसेच्या तसे सांगितले. सोमवारी ती ग्रामदेवीच्या देवळात कौल घ्यायला गेली. आमच्याकडे महत्त्वाचं काही करायचं तर आधी देवीला विचारतात. पुजारी मूर्तीला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार. आईनं गाऱ्हाण्यात सांगायला लावलं, की या यंत्राला कोणाचा हात लागलेला नाही, ते घरी आणावं का. उजवी पडली.

रविवारी शेजाऱ्यांची पिकअप मागून घेतली. निघताना वडील काही न विचारता पुढे येऊन बसले. "मी येतंय," म्हणाले. अस्नोड्यावरून डिचोलीकडे जाताना मी त्यांना पात्याचा दांडा, बेअरिंग, पट्टा असं काय काय तपासायचं ते सांगत राहिलो. ते हूं हूं करत होते. खरं तर मी स्वतःलाच धीर देत होतो.

मशीन पडवीत ताडपत्रीखाली होती. बाईंनी गूळपाणी दिलं, घरवाले काजूच्या बागेत गेलेत, येतीलच म्हणाल्या. मी वायर काढून ठेवली आणि पातं हातानं फिरवून पाहिलं. डगमगत नव्हतं. पट्टा जुना, पण तो बदलता येतो. टेबलावर गंज होता, तो घासून जाणारा. फळी ज्याला टेकवून सरकवायची ते गाईड सरळ होतं. नव्हतं ते पात्यावरचं झाकण. आणि पात्याच्या मागे एक उभी पट्टी असते, चिरलेलं लाकूड मिटून पात्याला पकडू नये म्हणून. तीही नव्हती.

बाई कौतुकानं म्हणाल्या, "बघा, आतलो एक स्क्रू उघडूक ना. खंयच्याच मेस्त्रीचो हात लागूक ना."

मेस्त्रीचा हात. मी वाकलो होतो तसाच राहिलो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की मशीन कधी दुरुस्तीला उघडलेली नाही. मी ऐकलं होतं ते वेगळंच, की पात्यात कोणाचा हात गेलेला नाही.

तेवढ्यात त्यांचे यजमान आले. टॉवेलला हात पुसून त्यांनी नमस्कार केला, तर डाव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. वडिलांनीही नमस्कार केला. दोघांनी एकमेकांचे जोडलेले हात पाहिले.

"खंय?" वडिलांनी विचारलं.

"हीच ही, फुड्यात उबी आसा ती. तुमचां?"

"वास्कोक. गिरणीत. दोन."

"दोन? म्हणजे तुमी माज्यापेक्षा मोठे," ते म्हणाले, आणि दोघं हसले.

मला हसू येईना. मी बाईंना म्हटलं, फोनवर मी हेच तर विचारत होतो.

"तुमी मशिनीचां विचारलात," बाई नवऱ्याकडे हात करून म्हणाल्या. "घोवाचां खंय विचारलात?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. यजमानांनी सगळं सांगितलं. जाड लाकूड अडतं म्हणून त्यांनी झाकण आणि पट्टी दोन्ही काढून माळ्यावर टाकली होती. मग एकदा फणसाची फळी उसळून मागे आली आणि हात ओढला गेला. त्यांनी दोन्ही वस्तू माळ्यावरून काढून दिल्या. कोळ्यांची जाळी लागलेली होती, पण धड होत्या.

वडील म्हणाले, चालू करून बघ. मला नको होतं. तरी वायर लावून बटण दाबलं. आवाज मोठा आणि एकसारखा होता, बेअरिंग चांगली असल्याचं कळत होतं. पण मी मशीनकडे बघतच नव्हतो. वडिलांनी दोन्ही हात पाठीमागे नेले होते आणि एका हातानं दुसरा घट्ट धरला होता. मी लगेच बंद केली.

"आवशीक काय सांगशीत?" त्यांनी हळूच विचारलं.

"जां आसा तां."

"मगे आज नेव नको."

रिकाम्या गाडीनं कसे जाता म्हणत बाईंनी मागे दोन फणस चढवले. माझं बोलणं त्यांना लागलं असेल का, याची मला वाटभर काळजी.

घरी आईनं सगळं ऐकून घेतलं. मशीनबद्दल ती बोललीच नाही. "म्हणजे देवीक मी खोटां सांगलां," एवढंच म्हणाली. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघंही देवळात गेलो. या वेळी गाऱ्हाण्यात काय घालायचं ते आईनं मलाच पुजाऱ्यांना सांगायला लावलं. या यंत्रावर एका माणसाचं बोट गेलंय, हे मी सांगितलं. पाकळ्या लावल्या. आम्ही वाट पाहिली. पुजाऱ्यांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं, पुन्हा वाट पाहिली. उजवी पडली नाही, डावीही नाही. देवी आज काही सांगत नाही, तुम्हीच ठरवा, असं ते म्हणाले.

आई बाहेर पायरीवर बसली. तिनं मला नाही, वडिलांना विचारलं, "तुमका कसां दिसता?"

"माका भंय दिसता," वडील म्हणाले. त्यांना भीती वाटते, हे इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होतो. "त्या वास्कोच्या करवतीकूय झाकण नव्हतां. हिका आसा. तां लावन चलवंदे."

आईनं चपला पायात सरकवल्या. मग माझ्याकडे वळली. "झाकण काडलंस ना, तर मी ती मशीन उचलून बांयच्या पाण्यात उडयन."

मशीन आली. झाकण, पट्टी, नवा पट्टा, सगळं मी बसवलं, आणि तरी पुढचे कित्येक दिवस ती नुसती पुसत राहिलो. एका सकाळी वडील मांगरात आले, एक लांब फळी उचलून टेबलावर ठेवली आणि स्वतः पलीकडे, चिरलेली फळी बाहेर येते त्या बाजूला, जाऊन उभे राहिले. मी त्यांना म्हटलं, बाबा, तुम्ही तिथं नको. ते हलले नाहीत. फळीचं पुढचं टोक हवेत लोंबकळलं तर ती उचलली जाणार, कोणीतरी धरायलाच हवी, हे मलाही कळत होतं.

मी बटण दाबलं. फळी पुढे सरकू लागली. माझी नजर पलीकडे, तीन बोटांच्या त्या हातावर.

"माज्या हाताकडे बघू नको," ते आवाजावर आवाज चढवून म्हणाले. "तुज्या हाताकडे बघ."