रिकाम्या रकान्यातला आकडा

रक्त तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेच्या संगणक खोलीतल्या माणसाला सगळे थांबाराव म्हणत. अहवाल झाला का, असं विचारायला कुणीही फोन केला की हा म्हणायचा, "जरा थांबा." त्यात बिचाऱ्याचा दोष नव्हता. यंत्रं दर रुग्णामागे खुणा आणि आकड्यांनी भरलेली एक चिमुकली एक्सएमएल फाइल सोडत, आणि तिचा वाचता येण्याजोगा अहवाल करायचं काम एका जुन्या प्रोग्रामकडे होतं. हा पठ्ठ्या प्रत्येक फाइलीला नव्याने सुरू व्हायचा, सगळे नियम पहिल्यापासून वाचायचा, चिमूटभर काम करायचा आणि बंद पडायचा. एकेक चमचा धुवायला दर वेळी नव्याने पाणी तापवावं, तसला कारभार.

प्रोग्राम एकदाच सुरू करू, नियम एकदाच वाचू आणि फाइली ओळीने आत सोडू, हे थांबारावाने कितीदा सांगितलं होतं. विभागप्रमुख बाई मान वर न करता म्हणायच्या, "चालतंय ना? मग हात लावू नका." चालत होतं म्हणा, रांगत का होईना.

त्या दिवशी साचलेल्या ढिगात त्याच्या आईची फाइल होती. आई सकाळपासून उपाशी, इस्पितळातल्या खाटेवर. पोटातली गाठ आता लांबणीवर टाकण्यासारखी नव्हती. रक्तातलं पोटॅशियम ठीक असेल तरच भूल देणार होते, आणि सर्जन संध्याकाळच्या विमानाने परदेशी निघायचे होते. उशाशी बसलेली धाकटी बहीण सारखी फोन करत होती. फाइलींवर नुसते आकडे असत. कुठली कुणाची हे अहवाल झाल्यावरच कळायचं. आईची फाइल वर ओढायचीही सोय नव्हती.

बाई बैठकीला गेल्या आणि थांबारावाचा धीर सुटला. सुधारलेला प्रोग्राम त्याने कधीचाच लिहून ठेवला होता, नमुन्यादाखल बनवलेल्या फाइलींवर चालवूनही पाहिला होता. देवाचं नाव घेऊन त्याने तो सुरू केला. बघता बघता ढीग वितळला. अहवाल धडाधड इस्पितळांकडे गेले. आईचं पोटॅशियम अगदी ठीक होतं.

"ताई, छान आलंय गं! सांग डॉक्टरांना." लाडात आला की तो धाकटीला ताई म्हणे.

"थांबाराव आज चक्क धावले!" ती हसता हसता रडायलाच लागली.

मग तो खुशीत, आपलंच कौतुक पाहावं तसा, एकेक अहवाल चाळू लागला. एका तान्ह्या मुलीच्या अहवालात प्रोस्टेटच्या, म्हणजे फक्त पुरुषांत असणाऱ्या ग्रंथीच्या, तपासणीचा आकडा होता. त्याला आधी हसू आलं. मग त्याने तिच्या आधीचा अहवाल उघडला. एका म्हाताऱ्याचा, आणि आकडा तोच.

जी तपासणी झालेलीच नव्हती तिचा रकाना रिकामा राहायला हवा होता. पण सतत सुरू राहिलेल्या प्रोग्रामने तिथे आधीच्या रुग्णाचा आकडा तसाच ठेवला होता. जुना प्रोग्राम दर वेळी बंद पडून सगळं विसरायचा. त्या विसरण्यावरच इतकी वर्षं सगळ्यांचं निभावलं होतं. थांबारावाने नमुन्यादाखल बनवलेल्या फाइलींत मात्र सगळे रकाने भरलेले होते. आईच्या आधीचा अहवाल त्याने उघडला. पोटॅशियम तेच, दशांशापर्यंत.

"भूल देऊ देऊ नकोस त्यांना," तो फोनवर ओरडला. "आकडा खरा नाही."

निरोप मिळताच बाई बैठकीतून धावत आल्या. त्यांनी सगळे अहवाल परत मागवले आणि जुना प्रोग्राम पुन्हा सुरू केला. एक फाइल, बंद. दुसरी फाइल, बंद. थांबाराव पडद्यासमोर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. त्याला सगळं कळत होतं आणि काही म्हणता काही करता येत नव्हतं. याचा त्याला भयंकर राग आला, पण काढायचा कुणावर?

आईची फाइल निघाली तेव्हा दिवे लागले होते. पोटॅशियमचा रकाना रिकामा होता. खाली शेरा, मघाच्या घाईत त्याने न पाहिलेला: नमुना खराब, पुन्हा रक्त घ्यावे.

त्याने बहिणीला फोन लावला. "डॉक्टर गेले रे. आता दुसरे कधी मिळतील ते बघू म्हणतात." मग तिने विचारलं, "मघाशी छान आलेलं ते कुणाचं होतं?"

"दुसऱ्याच कुणाचं तरी."

पलीकडून आईचा क्षीण आवाज आला. "आता तरी घोटभर पाणी पिऊ का, विचार त्याला."

"पी म्हणावं," थांबाराव म्हणाला. त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं.