टाकून दिलेला उजेड

चित्रा गेल्याची बातमी संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली, तीही संचालकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या मधोमध. जोडलेल्या हातांखाली लगेच पुन्हा केक... माझा संताप अजून उतरलेला नाही.

प्रकाशशास्त्राच्या प्रयोगशाळेत आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. विभागप्रमुखांचं, म्हणजे सरांचं, सारं नाव क्वांटम 'वीक मेजरमेंट'वर उभं. आरसा किंचित हलला, की त्यावरून आलेला बहुतेक प्रकाश गाळून टाकायचा. उरलेल्या चिमूटभर उजेडात तेच हलणं कितीतरी मोठं दिसतं. टाकलेला उजेड एका काळ्या पत्र्यावर जिरायचा. चित्राने तो पत्रा काढून तिथेही मोजणारं यंत्र लावलं आणि दोन्हीकडचा हिशेब एकत्र मांडला. निवडलेला उजेड इतका थोडा, की आकड्यांची थरथरही तितकीच वाढते. दिसतं मोठं, पण कळत जास्त काही नाही. यंत्रच कच्चं असेल तर ही युक्ती कामी येते, हेही तिने प्रामाणिकपणे मांडलं. पण सरांना 'तर' नको होता.

सरांच्या भर व्याख्यानात ती म्हणाली, "सर, कोथरूडच्या क्लासच्या बोर्डावर फक्त पहिल्या आलेल्यांचे फोटो असतात. त्यावरून क्लास कसा आहे ते कळत नाही."

सगळे हसले, सर सोडून. थोड्याच दिवसांत तिचं टेबल काढून घेतलं आणि तिला ग्रंथालय समितीवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत तिला पुन्हा प्रयोग करू दिला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. काळा पत्रा तेवढा ती पिशवीत घालून घरी घेऊन गेली. "नाहीतर परत लावतील गं," म्हणाली.

शोकसभेत सर माइकसमोर उभे राहिले. "वीक मेजरमेंटला चित्राताईंनी आयुष्य वाहिलं..." टेबलाबद्दल अवाक्षर नाही. नको ते गाळून उरलेलं मोठं करून दाखवायचं, ही विद्या त्यांना येतच होती.

परवा तिच्या घरी गेले होते. तिचे यजमान, माधवराव, स्वयंपाकघरात होते. तेवढ्यात संस्थेतून फोन आला, त्यांनी तो स्पीकरवर टाकला. चित्राताईंच्या स्मरणार्थ सरांचा जुना प्रयोग, होता तसा, पुन्हा उभारताहेत. मूळचा काळा पत्रा आपल्याकडे असेल तर...

"आहे," माधवराव म्हणाले. "पण मिळणार नाही. त्याच्यावर भात उतरवलाय."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बसा, जेवूनच जा."

जेवणं झाली, भात संपला. रिकामं पातेलं मात्र त्यांनी त्या पत्र्यावरून उचललं नाही.