आबांच्या गाडीतली बिडी

संघपालचं नाक एकवीस साली कोरोनात गेलं ते परत आलंच नाही. चेहऱ्यावर होतं, चांगलं ठसठशीत होतं, पण कामाचं राहिलं नव्हतं. फोडणी, अत्तर, गटार, त्याला सगळं सारखंच. दुसऱ्या कुणाचं यानं फारसं अडलं नसतं. पण संघपालचं जळगावात अजिंठा चौफुलीच्या अलीकडे गाड्या धुण्याचं शेड होतं आणि बाहेर बोर्डावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलं होतं : ‘गाडीतील कोणताही वास घालवून मिळेल.’ बोर्ड कोरोनाच्या आधीचा. खोडायला जीव होईना.

मग त्यानं एरंडोलहून आपल्या मावशीला, द्रौपदाबाईंना आणलं. त्यांनी तीस वर्षं डाळमिलमध्ये काढली होती. पोत्याला नाक लावून, ते न उसवता, आतल्या डाळीला ओल लागली की नाही हे त्या सांगायच्या. आता गुडघे गेले होते, नाक शाबूत होतं. शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर त्या बसायच्या. गाडी धुऊन झाली की संघपाल दार उघडून धरायचा, मावशी डोकं आत घालायच्या आणि निकाल द्यायच्या. गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारीला मोटारीची हौस आहे. संघपाल खरं काय ते सांगत नसे. वास घालवणाऱ्यालाच वास येत नाही, ही गोष्ट धंद्याला बरी नव्हती.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी जीवराम आबा आले. सावद्याकडचे केळीवाले, सत्तरीचे. मिशी अशी पांढरी आणि दांडगी, की समोरचा माणूस आधी मिशीशी बोलायचा, मग आबांशी.

“बिडीचा वास काढायचाय,” आबा म्हणाले. “शुक्रवारच्या आत.”

“किती दिवसांचा आहे, आबा?”

“गाडी अकरा वर्षांची. वासही तेवढाच.”

आबांची मुलगी ऋतिका जळगावातच दवाखान्यात बाळंत झाली होती. शुक्रवारी तिला माहेरी न्यायचं होतं. सीटमध्ये मुरलेला जुना धूरही बाळाला वाईट, असं डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. तिनं बापाला फोनवरच सुनावलं, “पप्पा, त्या गाडीत माझं बाळ बसणार नाही. मी एस्टीनं येईन.” पहिला नातू एस्टीनं घरी येणार, हे ऐकून आबांनी त्याच दिवशी बिडी सोडली. उरलेली बंडलं केळीच्या बागेत खड्डा खणून पुरली, आणि ती भिजू नयेत म्हणून ठिबकची नळी बाजूला घेतली. का, ते त्यांनाही सांगता येईना.

संघपाल कामाला लागला. आधी राख. सीटांच्या फटीत राख, बेल्टच्या खाचेत राख, आणि एक अर्धी बिडी स्टेपनीच्या खड्ड्यात, जिथं माणूस बसूच शकत नाही.

“आबा, ही इथं कशी?”

आबांनी ती बराच वेळ न्याहाळली. “मी पण तोच विचार करतोय,” ते म्हणाले.

सीटा बाहेर काढून धुतल्या आणि उन्हात टाकल्या. जळगावचं ऊन, तासाभरात पापडासारख्या वाळल्या. काचा आतून पुसल्या तर पांढरं फडकं चहात बुडवल्यासारखं झालं. छताचं कापड त्यानं सोड्याच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यानं हलक्या हातानं टिपलं, कारण जास्त पाणी लागलं की डिंक सुटून कापड डोक्यावर लोंबतं. डॅशबोर्डच्या खणामागचा एसीचा फिल्टर काळाकुट्ट निघाला. तो फेकून नवा बसवला. खालच्या गालिच्यावर खाण्याचा सोडा पसरून दिवसभर ठेवला आणि बुधवारी दुपारी झाडून घेतला. मग दारं बंद करून तासभर वास मारणारं ओझोनचं मशीन लावलं आणि नंतर गाडी सताड उघडी टाकली.

गुरुवारी सकाळी मावशींनी डोकं आत घातलं. त्यांच्या मागोमाग, खांद्यावरून वाकून, आबाही बघत होते.

“बिडी शे,” मावशी आपल्या अहिराणीत म्हणाल्या. म्हणजे वास अजून होता.

“कुठं?”

“बठ्ठीकडे शे.” मावशींनी छतापासून गालिच्यापर्यंत सगळीकडे हात फिरवून दाखवला.

संघपालनं छत पुन्हा टिपलं, बेल्ट पूर्ण ओढून साबणानं धुतले, स्टिअरिंग घासलं. अकरा वाजता मावशी पुन्हा वाकल्या, आबा पुन्हा त्यांच्यामागे वाकले.

“बिडी शे.”

संघपाल मटकन बादलीवर बसला. आबा जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “खरं सांग, तुला किती येतो वास?”

संघपालनं तीन दिवसांचा थकवा एकदाच बाहेर सोडला. “मला येतच नाही, आबा. कोरोनापासून. कशाचाच.”

तो आता शिव्यांची वाट बघत होता. आबांनी मात्र दुसरी बादली ओढली आणि ती पालथी करून शेजारी बसले.

“मला पण येत नाही,” ते म्हणाले. “पन्नास वर्षं ओढली. नाकाचं भुसकट झालं.”

म्हणजे तीन दिवस दोन बिननाकाची माणसं एका गाडीचा वास शोधत होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी आबा उठले आणि समोरच्या टपरीवर चहाला गेले.

मावशींचं समाधान होत नव्हतं. त्या गुडघे धरत उठल्या आणि गाडीत डोकं घालून आल्या. मग दुसऱ्या दारानं. मग डिकीतून.

“पोऱ्या, काहीच नही शे!”

“आत्ता तर होती!”

“आते नही.”

इतक्यात आबा चहा पिऊन आले. मावशींचं नाक आपोआप वळलं. त्या आबांच्या भोवती, पोत्याभोवती फिरावं तशा एक पूर्ण फेरी फिरल्या. टोपी हुंगली, नकारार्थी मान हलवली. सदरा हुंगला, मान हलवली. मग चेहऱ्याजवळ आल्या आणि थबकल्या.

“गाडी साफ शे,” त्या म्हणाल्या. “यासनी मिशी वास मारस.”

आबांचा हात मिशीवर गेला. बाविसाव्या वर्षापासून तिला कात्रीपलीकडे काही लागलं नव्हतं.

“धुऊन टाक,” ते संघपालला म्हणाले.

संघपालनं आयुष्यात हजारेक गाड्या धुतल्या असतील, मिशी पहिलीच. आबांना खुर्चीवर बसवलं, गळ्याशी फडकं बांधलं. साबण झाला, सोडा झाला, लिंबू झालं. शेजारचा पंक्चरवाला हातातलं चाक तसंच धरून बघत उभा राहिला. प्रत्येक वेळी मावशी वाकायच्या आणि म्हणायच्या, “शे.”

“मला आत बसव आणि ते मशीन लाव,” आबा म्हणाले.

“नाही आबा, त्यानं छाती जळते. त्यात माणूस बसवत नाहीत.”

“निदान मिशी तरी आत ठेवता येईल?”

“तुमच्याशिवाय कशी ठेवणार?”

आबांनी गळ्याचं फडकं सोडलं. मग उठले आणि चौकातल्या सलूनमध्ये शिरले. वीस मिनिटांनी परत आले तेव्हा वरचा ओठ बाळासारखा गुलाबी दिसत होता आणि बोलताना ते त्याला सारखा हात लावत होते. मावशी वाकल्या.

“नही शे,” त्या म्हणाल्या. त्यांनी जरा जास्तच हळू सांगितलं.

शुक्रवारी दवाखान्याच्या दारात मावशी शेवटची तपासणी करायला हट्टानं आल्या, म्हणून संघपालही आला. ऋतिका बाळाला घेऊन पायऱ्या उतरली, गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला म्हणाली, “काका, माझे पप्पा कुठं गेले?”

“हा काय इथं उभाय,” आबा म्हणाले.

ती आधी हसली, मग एकदम रडली, मग पुन्हा हसली. तेवढ्यातही तिनं गाडीत डोकं घालून वास घेतला. मग बसली. आबांनी सावद्यापर्यंत गाडी चाळीसच्या पुढं नेली नाही, असं नंतर कळलं.

आबांनी ही गोष्ट लपवली तर नाहीच, उलट चोपड्यापासून रावेरपर्यंत सांगत सुटले, “नाक नसलेल्या पोरानं गाडी धुतली, म्हातारीनं माझी मिशी पकडली!” गिऱ्हाइकं वाढली. पण आता ती गाड्याच घेऊन येत असं नाही. कुणी तुपाचा डबा आणला, कुणी गादी. एके दिवशी कुंदाबाई नावाची बाई पिशवीतून नवऱ्याचे तीन सदरे घेऊन आली.

“दारूचा वास येतो का, एवढंच सांगा.”

मावशींनी तिन्ही सदरे नीट, कॉलरपासून खालपर्यंत हुंगले.

“दारू नही. पाठवर बाम शे.”

कुंदाबाई खूश व्हायला निघाली आणि अर्ध्यात थांबली. “बाम? आमच्या घरात तर बाम नाही. पाठीला चोळतं कोण यांच्या?”

ती पिशवी उचलून तरातरा निघून गेली. संघपालनं मावशीकडे पाहिलं.

“मावशी, उद्यापासून फक्त चारचाकी.”

“आन् मोटारसायकल?”

“मोटारसायकल चालंल,” संघपाल म्हणाला. “सदरा नाही.”