परसातलं माहेर

लग्नाला सतरा वर्षं झाली तरी माझी आई माझ्या घरी जेवली नव्हती. भांडण वगैरे काही नव्हतं. घाटघरला माझ्या माहेरी रीतच होती, लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं अन्न घ्यायचं नाही. इतरांच्या आया वर्ष-दोन वर्षं कळ काढतात आणि बारशाला पोटभर जेवतात. माझ्या आईला मी फारच ताटकळत ठेवलं. माझ्या सासरी निमगाव सावाला यायची ती फडक्यात भाकरी बांधून, आणि पाणी प्यायची ते रस्त्यावरच्या नळाचं. ते सरकारचं असतं, जावयाचं नसतं, असा तिचा कायदा.

मग चाळिसाव्या वर्षी मला दिवस गेले. मी शिवणकाम करते. गावातल्या निम्म्या लेकरांची झबली माझ्या मशीनवरची. तरी स्वतःचे ब्लाउज घट्ट व्हायला लागले तेव्हा मला वाटलं, पाळी जायचं वय आलं, अंग सुटतंय. मंचरच्या दवाखान्यात सोनोग्राफीच्या बाकावर बसले होते, तर शेजारची पोर म्हणाली, "मावशी, सून आत गेलीया का?"

"सुनेचा नवराच अजून पोटात हाय," मी म्हटलं. त्या बिचारीनं मग तिचं नाव पुकारेपर्यंत माझ्याकडे बघितलंच नाही.

डॉक्टरबाई मात्र हसल्या नाहीत. या वयात प्रेशर आणि साखर चढायची भीती जास्त, बाळाची वाढ मागे पडू शकते, काही तपासण्या जास्तीच्या कराव्या लागतील, असं त्यांनी समोर बसवून नीट सांगितलं. "घाबरू नका, पण तपासणी चुकवू नका. आणि बाळंतपणाला घाटघरला जायचं नाही. दवाखाना हाताशी हवा."

इथंच घोडं अडलं. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आईच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ऐकून तिनं फोनच ठेवून दिला. मला वाटलं, रुसली. चार दिवसांनी एसटीतून उतरली ती तांदळाचं पोतं, नाचणीचं पीठ आणि तवा घेऊन. आमच्या परसात लिंबाच्या झाडाखाली तिनं तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि म्हणाली, "तुला घाटघरला यायचं न्हाई ना? मंग घाटघर हितं आलं. माज्या चुलीवरचं खाशील, म्हंजी बाळंतपण म्हायेरीच झालं."

माझ्या नवऱ्याला आधी ते लागलं. लोक म्हणतील, सासूला जेवू घालत नाही. आठवडाभर तो घरात तोंड पाडून जेवला आणि मग एका दुपारी ताट घेऊन स्वतःच परसात जाऊन बसला. आईच्या हातचा भात त्याला भलताच मानवला.

त्या चुलीपाशीच एकदा नाचणी भाजता भाजता आईनं मला माहीत नसलेलं सांगितलं. माझ्या आधी तिला एक मूल झालं होतं. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पाय सुजले, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं चांदण्या आल्या, आणि घरची माणसं म्हणाली, पहिलटकरणीला व्हायचंच असं. झोळीत घालून तिला खाली रस्त्यापर्यंत नेलं, तोवर बाळ गेलं होतं.

"माजं वयच नव्हतं गं," ती म्हणाली. "आन तुजं सरत आलंय. म्हनून लई भ्या वाटतं."

तिला कधी भीती वाटते, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आठव्या महिन्यात एका सकाळी माझी जोडवी बोटांत रुतली. डोकं जड झालं. आईनं पाय बघितले आणि माझ्या नवऱ्याला हाक मारली, गाडी काढा. तो धावला. आणि मी, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी बाई, स्वयंपाकघरात फरशीवर बसले ती उठेचना. मला भयंकर भीती वाटली. दवाखान्यात गेले की तिथं कळणार, आणि जोवर गेले नाही तोवर बाळ आहे, असं काहीतरी मनानं धरलं होतं.

"हेही गेलं तर?" मी रडत म्हटलं. "मला पुढं वय आहे का? मग तू माझ्या घरी कधीच जेवणार नाहीस."

आई उभी राहून बघत होती. मग तिनं माझा भाकरीचा डबा उघडला, मी सकाळी केलेली भाकरी घेतली, मोडली आणि कोरडीच खाल्ली. मी रडायची थांबले.

"लेकरू व्हवो न व्हवो, तू माजी लेक हायेस," ती म्हणाली. "जेवले मी तुज्या घरी. आता ऊठ."

मी उठले. मंचरला हायवेवर गाड्यांची ही गर्दी, नवरा हॉर्नवर हात दाबून बसलेला, आणि आईच्या मुठीत उरलेली अर्धी भाकरी तशीच. प्रेशर फार चढलं होतं. डॉक्टरबाईंनी दुपारीच ऑपरेशन केलं. मुलगी झाली, एवढीशी. बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. तिथल्या सिस्टर मला हात धरून पेटीपाशी नेत, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. वेळेत आलात, एवढंच डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या एका वाक्यावर मी आजही जगते.

बारसं उशिरा केलं, पोर अंगानं भरल्यावर. घाटघरची सगळी भावकी आली. बायकांनी आईला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं. "घ्या, फिटली रीत. इतक्या वर्सांनी लेकीच्या घरचं पयलं जेवान!" म्हणून गलका केला.

"पयलं न्हाई, दुसरं हाय," आई म्हणाली.

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. पहिलं कधी जेवलीस, म्हणून एकीनं विचारलं.

"ही पोर व्हायच्या आदी."

माझ्या हातातली पळी तिच्या ताटावर तशीच थांबली. आईनं ताट पुढं सरकवलं. "थांबलीस का? वाढ की."