उपग्रहाला ऐकू जाईल एवढ्याने

१० फेब्रुवारी. आजचं काम : सॅटेलाइट फोन चार्ज करणं, तो बाळगण्याच्या परवानगीचं पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणं आणि जालना जिल्ह्यात असा नवा फोन कोण विकत घेईल ते विचारून येणं. कंपनी पुण्याची, पाय माझे.

सकाळी बदनापूरला उतरले. स्टेशनबाहेरच्या चहावाल्याला फोन दाखवला.

"यात रील दिसती का?"

"नाही. पण रेंज नसेल तिथेही लागतो. फक्त वर उघडं आकाश पाहिजे."

"मंग आमच्या कामाचा न्हाई. आमच्या दुकानाला छप्पर हाये." चहा मात्र फक्कड होता.

पुढे भोकरदनपर्यंत जीप, तिथून दुसरी जीप. पिंपळगाव रेणुकाईला देवीचं दर्शन घेतलं, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली आणि त्यापुढच्या एका वस्तीवर गेले. तिथे मोबाइलला रेंज फक्त मारुतीच्या पारावर येते. म्हटलं, गिऱ्हाईक सापडलं. पारावर एकजण फोनवर बोलत होता आणि सातजण ऐकत होते.

"उद्या ट्रॅक्टर पाठवतो," तो जावयाला म्हणाला. शेजारच्याने फोनपाशी तोंड नेऊन सांगितलं, "न्हाई पाठवत, टायर पंचर हाये."

नवा फोन कोणालाच नको होता. मी निघाले, तशी पदर खोचलेली एक बाई मागून आली. नाव कौसल्याबाई.

"तुमचा फोन शेतात लागतो का?"

"उघड्यावर कुठेही."

"मंग चला जल्दी."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी मनीषा जालन्यात नर्सिंग शिकते. उद्या दहाला तिचा शेवटचा पेपर, आणि उद्या सकाळीच तिला पाहायला पाहुणे येणार. बेत तिच्या थोरल्या काकांचा, बाबुरावांचा. त्यांनी मनीषाला आजच पाचच्या एसटीने निघून यायला सांगितलं होतं.

"पारावरनं पोरीला नको येऊ कसं म्हणू? भावजी तिथंच बसून राह्यले. पेपर बुडला की वर्ष गेलं तिचं."

साडेचार वाजले होते. हरभऱ्याच्या धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून मी अँटेना उभी केली. अनोळखी लांबलचक नंबर पाहून मनीषाने दोनदा फोन कापला. तिसऱ्यांदा उचलला आणि म्हणाली, "मला कर्ज नको."

कौसल्याबाईंनी छाती भरून श्वास घेतला. "मनेऽऽ, एसटीत बसू नको!"

"हळू बोला," मी म्हटलं.

"बाई, इतकं वर जायचं हाये ते. हळू बोलून कसं भागंल?"

आवाज पलीकडे पोचून उत्तर यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात पोरीला ऐकू गेलं नाही असं समजून त्या तेच वाक्य आणखी वरच्या पट्टीत म्हणत. "तू पेपर दे! पाहुण्याचं मी बघते!" दोन शेतं पलीकडे खुरपणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. बोलणं संपलं तेव्हा बाबुराव धुऱ्यावर येऊन ठेपले होते.

कौसल्याबाईंनी फोन माझ्या हातात दिला, पण मागे सरकल्या नाहीत. "मनी पेपर देणार, भावजी. काय बोलायचं ते मला बोला."

"सगळ्या शिवारानं ऐकलं. आता मी काय बोलू?" त्यांनी फोनकडे बोट केलं. "मॅडम, हा पाहुण्याला बी लागतो का? पारावरनं त्यांना नको म्हणणं बराबर दिसत न्हाई."

लावून दिला. कोणी ऐकू नये म्हणून ते चाळीस पावलं हरभऱ्यात गेले आणि तिथून ओरडले, "हॅलोऽऽ! उद्या येऊ नका! पोरीचा पेपर हाये!" टिटव्या उडाल्या.

आम्ही पारावर पोचलो तर पहिलाच प्रश्न आला, "पाहुणे काय म्हणले?"

"पोरीला इचारून दिवस कळवा म्हणले," बाबुराव खाली बसत म्हणाले. "म्या बी हो म्हणलं."

मुक्काम कौसल्याबाईंकडे केला. ११ फेब्रुवारी. पहाटेच्या गाडीने जालन्याला गेले आणि धपाट्यांचा डबा कॉलेजच्या दारात मनीषाला दिला.

"आईचा घसा कसा आहे?"

"बसलाय."

ती आत गेली. दहाला गेट बंद होईपर्यंत मी थांबले. मग समोरच्या टपरीवर बसून कंपनीला कळवलं : मागणी आहे, पण एका घराला हा फोन वर्षातून एकदा लागेल. विकू नका. लग्नाच्या भांड्यांसारखा भाड्याने द्या.