हात उलटा करून लावा

सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा आम्ही दिघीला दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नवऱ्याची चाकणच्या कंपनीत शिफ्ट, म्हणून मी ऑफिसकडून घरून काम मागून घेतलं. बाहेरच्या खोलीत त्यांची लोखंडी कॉट आणि कॉटला लागून माझं टेबल. सकाळी लॅपटॉप उघडला की संध्याकाळपर्यंत जागेवरून हलायची सोय नसे.

त्या लॅपटॉपचाच शॉक बसू लागला. चार्जर लावला की मनगट टेकताच मुंग्या यायच्या, फरशी ओली असली तर चांगलाच झटका. बॅटरी जुनी, चार्जर काढून फार वेळ टिकत नव्हती. ऑफिसच्या आयटीवाल्याने फोनवर सांगितलं, "मॅडम, लॅपटॉप ठीक आहे, घराचं वायरिंग बघा." घरमालक म्हणाले, "वायरिंग ठीक हाय, तुमचा कंप्युटर बघा." मी रबरी चपला घालून, मनगटाखाली रुमालाची घडी ठेवून काम रेटत राहिले.

एका दुपारी मीटिंग चालू असताना सासूबाईंनी गोळी मागितली. डावा हात लॅपटॉपवर तसाच ठेवून मी उजव्या हाताने गोळी पुढे केली. त्यांनी हात एकदम मागे घेतला, गोळी खाली पडली.

"तुझ्या हाताला करंट आहे का गं?"

त्या घाबरल्या होत्या. त्यानंतर मी टेबलाशी असताना त्या पाणीसुद्धा मागेनात. तहान लागली तरी माझं काम संपायची वाट बघत पडून राहायच्या. एकाच खोलीत दोघी, आणि एकमेकींना हात लावायची चोरी.

रविवारी नवरा घरी होता. मी लॅपटॉप आणि चार्जर घेऊन आकुर्डीला भावाकडे गेले. तिथे चार्जर लावला, अनवाणी उभी राहून हात ठेवला. काहीच नाही. म्हणजे दोष आमच्या घराच्या अर्थिंगचा होता. काम झालं होतं, तरी मी संध्याकाळपर्यंत तिथून उठले नाही. वहिनीने आयता चहा हातात दिला आणि मला उगाचच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी घरमालकांना वर बोलावलं. मूळचे गावातलेच, थोडी शेती अजून स्वतः करणारे. त्यांनी तळहात लॅपटॉपवर दाबून धरला.

"मला तर काय बी लागत न्हाई, ताई."

त्यांच्या तळहाताला घट्टे पडलेले होते. "काका, हात उलटा करून लावा," मी म्हटलं.

बोटांची मागची बाजू टेकली आणि त्यांनी हात झटकला. मग कॉटकडे बघितलं. "आईंना बी बसला?"

"हो."

"मंग करायलाच पायजे," ते म्हणाले. तरी माणसं यायला बरेच दिवस गेले. तोवर मी रुमालाची घडी बदलत होते. शेवटी पाण्याच्या टाकीशेजारी खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून तांब्याची प्लेट पुरली, आणि तिथून तार वर आणली. आमच्या प्लगमधल्या अर्थिंगच्या मोठ्या भोकामागे आजवर वायरच नव्हती.

शॉक बंद झाला. सासूबाईंनी स्वतः बोट लावून खात्री केली. "बरं झालं," त्या म्हणाल्या, "आता तुला कुठे जायला नको."

मी हो म्हटलं. घरातलं वायरिंग धोक्याचं आहे, मला ऑफिसला येऊ द्या, असं साहेबांना सांगायचं मी मनाशी ठरवलं होतं. आता तेवढंही कारण राहिलं नाही. सासूबाई वॉकर धरून चालू लागल्या तेव्हा उन्हाळा लागला होता. तोपर्यंत मी त्याच टेबलाशी होते.